कुटुंबाच्या ट्रेकचे टप्पे लहानग्यांच्या चालीवर बेतावेत

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत पर्वतभ्रमंतीवरचे लेख येऊ लागतात, आणि अलीकडे त्यांत एका निवाऱ्यातून पुढच्या निवाऱ्यापर्यंत रोज पायी जात केलेल्या सहकुटुंब ट्रेकची वर्णनेही वाचायला मिळतात. आईवडील, शाळकरी मुले आणि जमल्यास आजी-आजोबा यांनी मिळून आठवडाभर डोंगरात चालावे, ही कल्पना मला मनापासून आवडते आणि आमच्या घराने तिचा आनंद घेतलेला आहे. म्हणूनच या लेखांमधली एक उणीव मला सतत खटकते. त्यांत दिलेले दिवसवार वेळापत्रक बहुधा सराव असलेल्या प्रौढ ट्रेकरचे असते आणि त्याच्या शेवटी ‘मुलांनाही सहज जमेल’ एवढे एक वाक्य जोडलेले असते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्या वाक्याच्या भरवशावर जे कुटुंब सगळ्या रात्रींची आरक्षणे आधीच करून निघते, त्याला डोंगरात पोहोचल्यावर ती बदलणे फार अवघड जाते.

ज्यांना या पद्धतीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आल्प्स पर्वताच्या परिसरात १८६२ मध्ये ऑस्ट्रियात आणि १८६३ मध्ये स्वित्झर्लंड व इटलीत गिर्यारोहकांचे क्लब स्थापन झाले, आणि शिखरांच्या जवळ रात्र काढता यावी म्हणून त्यांनी निवारे बांधायला सुरुवात केली. एकट्या स्विस अल्पाइन क्लबचे आज सुमारे १५० निवारे आहेत. नॉर्वेत १८६८ मध्ये सुरू झालेल्या पर्यटन संघटनेकडे साडेपाचशेहून अधिक आहेत. त्यांतल्या काहींत कर्मचारी जेवण वाढतात, काहींत कोठीत शिधा भरून ठेवलेला असतो आणि जो घेतला त्याचे पैसे पाहुण्याने स्वतःच हिशेब करून चुकते करायचे असतात, तर काहींत शेगडी, भांडी आणि अंथरुणे एवढेच मिळते. न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याकडे साडेनऊशेहून अधिक निवारे आहेत. अमेरिकेतल्या व्हाइट माउंटन्समध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आठ निवाऱ्यांची माळच आहे आणि तिथल्या पहिल्या निवाऱ्याची सुरुवात १८८८ सालची आहे.

कुटुंबाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मोल फार मोठे आहे. तंबू, शेगडी, इंधन आणि आठवड्याचा शिधा पाठीवर घ्यायचा म्हटले तर मुलांना डोंगरात नेण्याचा विचारही बहुतेक पालक करणार नाहीत. निवाऱ्यात गरम जेवण आणि कोरडे अंथरूण मिळणार असेल तर मोठ्यांची सॅक हलकी होते आणि मुलांच्या सॅकमध्ये पाण्याची बाटली, रेनकोट, एक गरम कपडा आणि आवडीची एखादी वस्तू एवढे पुरते. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे नसावे, हा सर्वसाधारण संकेत अशा प्रवासात सहज पाळता येतो. इतकी सोय असूनही अनेक कुटुंबे दमून, चिडून आणि मधूनच घाबरून परततात, त्याचे कारण मला टप्प्यांच्या आखणीत दिसते.

आल्प्समधल्या माँ ब्लां या पर्वताभोवतीच्या प्रदक्षिणेचे उदाहरण घेऊ, कारण लेखांत सर्वाधिक नाव तिचेच येते. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी ही वाट सुमारे १७० किलोमीटरची आहे, तिच्यातला एकूण चढ १०,००० मीटरच्या आसपास भरतो आणि ती साधारण १० ते ११ दिवसांत पूर्ण करण्याची पद्धत आहे. म्हणजे दिवसाला १५ ते १७ किलोमीटर आणि ९०० ते १,००० मीटर चढ, तेही एकही दिवस न थांबता. सपाट रस्त्यावर फिरणाऱ्या माणसाला किलोमीटरचा आकडा मोठा वाटेल आणि चढाचा आकडा नुसता वाचून पुढे जावेसे वाटेल. डोंगरात नेमके उलटे असते, चढ आणि उतारच दिवस खाऊन टाकतात.

आल्प्समध्ये वेळेचा अंदाज बांधण्याची एक जुनी, सोपी रीत आहे. तासाला ४ किलोमीटर सपाट अंतर, ३०० मीटर चढ किंवा ५०० मीटर उतार असे धरायचे, अंतराचे तास आणि चढ-उताराचे तास वेगवेगळे काढायचे, आणि त्यांतला जो आकडा मोठा असेल त्यात लहान आकड्याचा निम्मा मिळवायचा. एखादा टप्पा ८ किलोमीटरचा आहे, त्यात ९०० मीटर चढ आणि ५०० मीटर उतार आहे असे समजा. अंतराचे २ तास होतात, चढाचे ३ आणि उताराचा १ मिळून ४ तास होतात, म्हणून एकूण ५ तास. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम लावला तर याच टप्प्याला ३ तासांहून थोडा अधिक वेळ येतो, कारण तो नियम दमदार चालणाऱ्यांसाठी होता आणि त्यात उतार मोजलेलाच नाही. दोन्ही हिशेबांत विश्रांती धरलेली नाही. स्वित्झर्लंडच्या पिवळ्या दिशादर्शक पाट्यांवर किलोमीटरऐवजी तास-मिनिटे लिहिलेली असतात, तेही विसाव्याचा वेळ सोडून. आता या ५ तासांत सात-आठ वर्षांच्या मुलाची चाल, दर तासाला एक थांबा, दुपारचे खाणे, ओढ्यात दगड टाकणे आणि बुटातला खडा काढणे हे सगळे मिळवले तर ‘फक्त ८ किलोमीटर’ म्हणून सांगितलेला टप्पा साडेसात तासांचा होतो. सकाळी आठला निघालेले कुटुंब दुपारी साडेतीनला पोहोचते, आणि तेही वाट कोरडी असेल, बर्फाचा पट्टा लागला नसेल आणि कोणाचे पोट बिघडले नसेल तर.

ती साडेतीनची वेळ मला महत्त्वाची वाटते. उन्हाळ्यात सकाळच्या उन्हाने डोंगरउतार तापतात, दमट हवा वर चढते, दुपारपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात आणि दुपार कलताना गडगडाट सुरू होतो. आल्प्समध्ये हे इतके नित्याचे आहे की जाणकार माणसे उघडी धार किंवा खिंड दुपारच्या आत ओलांडून मोकळी होतात. प्रौढांचा गट आभाळ भरून आलेले पाहून पावले झपझप उचलू शकतो. दमलेल्या लहान मुलाला ते शक्य नसते आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही नसते. म्हणून ज्या दिवशी उंच खिंड ओलांडायची आहे त्या दिवसाचा टप्पा कुटुंबासाठी हिशेबाने ४ तासांच्या वर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इतर दिवशी ३ तास पुरेत. हे वाचून कोणाला ट्रेक फारच सौम्य वाटेल, पण दुपारी एकला निवाऱ्यात पोहोचलेली मुले अर्ध्या तासात पुन्हा बाहेर धावताना मी पाहिली आहेत, आणि संध्याकाळी सहाला पोहोचलेली मुले जेवणाच्या बाकावर ताटापुढेच झोपून गेलेलीही पाहिली आहेत.

आता आरक्षणाचा प्रश्न. नावाजलेल्या वाटांवरचे निवारे हंगामात कित्येक महिने आधी भरतात, कारण हंगामच मुळी साधारण जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा असतो आणि प्रत्येक ठिकाणच्या जागा मोजक्या असतात. त्यामुळे कुटुंब घरी बसून सगळ्या रात्री ओळीने ठरवते. एक दिवस हुकला की पुढचे सगळे दिवस हुकतात, भरलेले पैसे जाण्याची भीती असते, आणि या दडपणाखाली माणसे एरवी कधीही निघाली नसती अशा हवेत निघतात.

एका निवाऱ्यात सकाळी बुटांच्या खोलीत पाहिलेला प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि समोरची खिंड ढगात बुडाली होती. दोन मुले असलेले एक कुटुंब आदल्या दिवशीचे अजून न वाळलेले बूट चढवत होते, आई ओल्या नाड्या ओढून बांधत होती आणि धाकटा मुलगा भिंतीला टेकून गप्प उभा होता. पुढच्या निवाऱ्यात जागा धरलेली आहे, ती गेली तर पुढचे सगळेच जाईल, असे वडील पुन्हा पुन्हा सांगत होते. निवारा चालवणारी बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, त्यांच्याशी दोन वाक्ये बोलली, तिथूनच पुढच्या निवाऱ्याला फोन लावला, आणि पाचेक मिनिटांत त्या कुटुंबाची रात्र इथेच वाढवून मिळाली. पुढच्या ठिकाणी तिने त्यांना एक दिवस उशिराने जागा करून दिली आणि शेवटचा टप्पा दरीतल्या बसने गाठायला सांगितले. त्या धाकट्याने एका हातानेच बूट उपसून काढले. अशी मदत प्रत्येक वेळी मिळेल याची खात्री नसते, पण विचारले तर ती बरेचदा मिळते. निवारा चालवणारी माणसे त्या वाटेला रोजच्या रोज ओळखून असतात. कुठे घसारा सुटला आहे, कुठल्या ओढ्याला पाणी वाढले आहे, कुठल्या खिंडीत अजून बर्फ आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्याशी दोन मिनिटे बोलून मगच उद्याचा बेत पक्का करावा, हे आपल्या लेखांतून आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

या दडपणावरचा खरा उपाय मात्र घरी बसून आखणी करतानाच करावा लागतो. आठवड्याच्या प्रवासात एका तरी निवाऱ्यात सलग दोन रात्री धराव्यात. हवा चांगली असली तर तो दिवस मुलांचा, सॅक निवाऱ्यातच ठेवून जवळच्या तळ्यापर्यंत किंवा टेकाडापर्यंत जाण्याचा. हवा बिघडली तर तोच दिवस कुटुंबाची सोडवणूक करतो. शिवाय प्रत्येक टप्प्यातून खाली दरीत उतरण्याची वाट, बस किंवा केबल कार कुठे आहे हे आधीच नकाशावर खुणावून ठेवावे. सगळीकडे ही मोकळीक मिळत नाही, हेही वाचकांना कळायला हवे. न्यूझीलंडचा मिलफर्ड ट्रॅक ५३.५ किलोमीटरचा आहे आणि हंगामात तो एकाच दिशेने, ठरलेल्या तीन निवाऱ्यांत एकेक रात्र काढूनच चालावा लागतो. एखादा दिवस जास्त थांबण्याची सोय त्यात नाही. वाट अप्रतिम आहे, पण लहान मुलांसह पहिलाच असा प्रवास करणाऱ्यांना मी ती सुचवणार नाही.

मोठ्या वाटेचा छोटा तुकडा निवडण्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. माँ ब्लांच्या प्रदक्षिणेतच इटलीच्या कूर्मायर गावाच्या वर बेर्तोने आणि बोनाती हे दोन निवारे आहेत, दोन्ही समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर. त्यांच्यामधली वाट डोंगराच्या कुशीतून जवळजवळ एकाच उंचीवरून जाते, प्रौढांच्या चालीने ती दोन-अडीच तासांची आहे, समोर ग्रांद जोरास या पर्वताची कातळभिंत सारा वेळ सोबत करते आणि खालच्या फेरे दरीत उन्हाळ्यात बस येते. कुटुंबासाठी यापेक्षा चांगले काय हवे? डोलोमाइट पर्वतरांगेतली आल्ता व्हिया क्रमांक १ ही वाट सुमारे १२० किलोमीटरची आहे, पण तिच्या उत्तर भागातल्या फानेस पठारावर दोन निवारे अगदी जवळजवळ आहेत आणि खालच्या पेदेरू येथपर्यंत गाडीरस्ता येतो. त्याच वाटेवरचा लागाझुओई निवारा २,७५२ मीटरवर आहे आणि फाल्झारेगो खिंडीतून तिथे केबल कार जाते, त्यामुळे थकलेल्यांना तेवढा चढ किंवा उतार टाळता येतो. संपूर्ण वाट पूर्ण केल्याचे समाधान मोठे असते हे मला मान्य आहे. ते मुलांनी पुढे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या इच्छेने मिळवावे.

उंचीबद्दल दोन शब्द. दर १,००० मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून दरीत टी-शर्टवर फिरणाऱ्या मुलाला खिंडीत टोपी आणि हातमोजे लागतात. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि लहान मूल ‘माझे डोके दुखते आहे’ असे नीट सांगेलच असे नाही. ते चिडचिडते, जेवण नको म्हणते, एका जागी बसून राहते. तेव्हा मुक्काम शक्यतो त्या उंचीच्या खाली ठेवावा आणि अशी लक्षणे दिसली तर लाड किंवा हट्ट न समजता खाली उतरावे.

सगळ्यात हळू चालणारे कोण, हे मात्र वाटेवर बदलत राहते. चढावर बहुधा धाकटे मूल मागे राहते आणि उतारावर तेच मूल उड्या मारत पुढे जाते, तर घरातल्या ज्येष्ठांचा कस उतारावर लागतो. ५०० मीटरची सलग उतरण गुडघ्यांना जेवढी जाचते तेवढा चढ जाचत नाही. म्हणून आखणी करताना चढ आणि उतार हे दोन्ही आकडे वेगवेगळ्या माणसांच्या नजरेने पाहावेत. मुलांची चाल टिकवण्याचा एक साधा उपाय आमच्याकडे फार उपयोगी पडला. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरवाटांवर पांढरा-लाल-पांढरा असा पट्टा कातळांवर रंगवलेला असतो. पुढचा पट्टा शोधून काढण्याचे काम धाकटीकडे सोपवले की ती आपसूक सगळ्यांच्या पुढे राही, तिच्याच वेगाने सगळे चालत, आणि वाट चुकण्याची शक्यताही कमी होई. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर मात्र ती कठीण, अनुभवी गिर्यारोहकांची वाट आहे आणि तिथे मुलांना नेऊ नये, हे प्रत्येक पालकाला माहीत असले पाहिजे.

निवाऱ्यातल्या शिस्तीचे फार सांगत बसत नाही. बूट दाराशीच काढायचे, अंगाखाली-अंगावर घेण्याची पातळ झोपपिशवी आपली आपण न्यायची, पाणी जपून वापरायचे, कचरा परत खाली आणायचा आणि रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. मुले हे एका संध्याकाळीत शिकतात, कारण तिथली सगळी माणसे ते पाळताना दिसतात. निवाऱ्याच्या वहीत नावे आणि उद्याचे ठिकाण लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. कोणी वाटेत अडकले तर शोध घेणारे पथक आधी तीच वही उघडते, हे त्यांना समजावून सांगितले की त्यांचे अक्षरही सुधारते.

नॉर्वेच्या पर्वतसंहितेत वेळेवर मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही, असा नियमच आहे. आपल्याकडच्या लेखांत मात्र मागे फिरलेल्या कुटुंबाची हकीकत क्वचितच छापली जाते. खिंडीच्या अलीकडून परत आलेल्या, तो दिवस निवाऱ्यात पत्ते खेळत काढलेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने उतरलेल्या एखाद्या कुटुंबाचा अनुभव आपण जरूर छापावा. शिखरावरच्या छायाचित्राइतकाच तो वाचकांच्या उपयोगी पडेल.

आपल्याला माझी विनंती अशी आहे की सहकुटुंब ट्रेकवरचा कोणताही लेख छापताना प्रत्येक दिवसाच्या अंतराबरोबर चढ, उतार आणि विश्रांतीसह लागलेले खरे तास द्यावेत, लेखकाबरोबरच्या सर्वांत लहान आणि सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचे वय सांगावे, आणि त्या टप्प्यातून खाली उतरण्याची वाट कोणती हेही लिहावे. ‘सोपा’, ‘मध्यम’, ‘कठीण’ या शब्दांनी कोणाला काही कळत नाही. आणीबाणीत युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो, आणि फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा दिव्याची खूण करून एक मिनिट थांबायचे व पुन्हा तेच करायचे, हा आल्प्समधला मदतीचा संकेत आहे. एवढा मजकूर चौकटीत सहज मावेल. त्याच चौकटीत आणखी एक ओळ असावी: बेत बदलला तर ठरलेल्या निवाऱ्याला त्याच दिवशी फोन करून कळवावे, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला मिळू शकते, आणि न कळवता न पोहोचलेल्या कुटुंबासाठी तिथली माणसे अंधारात शोधायला बाहेर पडू शकतात.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक